आप्पांची बाग आणि मोरीचं पाणी

प्रत्येक मराठी घराण्यात एक हरवलेली बाग असते. कोकणातल्यांची वाडी असते, देशावरच्यांचं परस असतं, वऱ्हाडातल्या मित्रांना विचारा, ते संत्र्याची झाडं मोजून दाखवतील. आणि त्या बागेचा एक मूळ पुरुष असतो. तो हमखास पहाटे चारला उठणारा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचणारा, झाडांशी बोलणारा. त्याच्या हाताला गुण असतो. काठी रोवली तरी पालवी फुटायची म्हणे! आणि गोष्टीचं शेवटचं वाक्यही ठरलेलं असतं : ते गेले आणि बाग गेली.

आमच्याकडे हे मूळ पुरुषाचं पद आप्पांकडे आहे. आप्पा म्हणजे माझे पणजोबा. मुक्काम शहादा. आधी पश्चिम खानदेश, मग धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा. आप्पा जागचे न हलता तीन जिल्ह्यांत राहिले असं आमचे काका कौतुकाने सांगतात. आप्पा १९७८ साली गेले, त्यामुळे तिसरा जिल्हा त्यांना बघायला मिळाला नाही. पण पूर्वजांच्या गोष्टींत एवढं तेवढं चालायचंच.

मला चालत नाहीये ते 'ते गेले आणि बाग गेली' हे वाक्य. आमच्या बाबतीत तरी ते खोटं आहे, आणि माझ्याकडे पुरावा आहे. एरवी मी गप्प बसलो असतो. पण या एका वाक्याच्या जोरावर सध्या आमच्या घरात एक निर्णय होऊ घातलाय, म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं की फॅमिली ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आप्पांच्या बागेत काय काय होतं? मग काय, दोन दिवस नुसता पाऊस! आत्या, काका, मावशी, अमेरिकेतला चुलतभाऊ, सगळे सुटले. आंबा, चिंच, कडुनिंब, जाम (आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, पुण्यात सांगितलं की लोक ब्रेडवर लावायचा समजतात), सीताफळ, डाळिंब, दोन लिंबं, एक ईडलिंबू, शेवगा, पारिजातक, मांडवावर गिलकी आणि दोडके, कुंपणावर गंगाफळाचा वेल. मी सवयीने सगळं एक्सेलमध्ये टाकलं. एकतीस ओळी झाल्या. पुढच्या कॉलममध्ये कुणी सांगितलं, त्यांचा जन्म कधीचा, झाड परसात कुठे होतं आणि पूर्ण वाढलेलं झाड साधारण किती जागा व्यापतं, हे लिहिलं.

मागचं परस चाळीस बाय पस्तीस. म्हणजे चौदाशे चौरस फूट. माझ्या एक्सेलमधल्या झाडांच्या नुसत्या सावलीची बेरीज झाली साडेतीन हजार चौरस फुटांच्या वर! मोठा आंबा एकटाच सहा-सातशे फूट अडवतो, चिंच आणि निंब त्याहून जास्त. म्हणजे ही बाग एका वेळी कधीच अस्तित्वात नव्हती. काकांच्या लहानपणीचा आंबा आत्याच्या लहानपणी तुटलेला होता. मावशीने जिथे डाळिंब पाहिलं तिथे भावाने सीताफळ पाहिलं. चाळीसेक वर्षांतली झाडं आम्ही सगळ्यांनी मिळून एकाच चौकटीत कोंबली होती आणि वर आप्पांचं नाव लिहिलं होतं.

पण गंमत पुढे आहे. एकतीस ओळींपैकी चार ओळी अशा निघाल्या की त्या प्रत्येकाच्या यादीत होत्या, १९४४ साली जन्मलेल्या आत्याच्याही आणि माझ्याही. अळू, केळी, पपई आणि कढीपत्ता. आणि या चारही गोष्टींची जागा सगळ्यांनी एकच सांगितली : मोरीच्या मागे.

मला वाटतं बाग समजून घ्यायची तर इथून सुरुवात करायला हवी. आंबा-चिंच ही आलीगेलेली पाहुणेमंडळी. घरची बाग म्हणजे मोरीच्या मागची.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घराच्या मागच्या कोपऱ्यात दगडी मोरी. शेजारी तांब्याचा बंब. मोरीच्या भिंतीला खाली हातभर रुंद भोक, त्यातून पाणी थेट परसात. तिथे आधी अळूचा वाफा. अळूला चिखल चालतो, साबण चालतो, काहीही चालतं. अळूतून गाळून निघालेलं पाणी मातीच्या पाटातून केळीच्या आळ्यांत, तिथून पुढे पपईकडे. कढीपत्ता जरा बाजूला, त्याला तांदळाचं धुवण आणि आंबट झालेलं ताक. सकाळच्या अंघोळींचं पाणी भरपूर, ते लांबच्या केळीपर्यंत पोचायचं. दुपारचं भांड्यांचं पाणी थोडं, त्यात राख, ते अळूतच जिरायचं. पाटाला दोन-तीन फाटे होते. कुठला फाटा उघडा आणि कुठला बंद, हे मोठी माय ठरवायची.

मोठी माय म्हणजे माझी पणजी, आप्पांची बायको. मी तिला पाहिलंय. ती १९९३ साली गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. फाटा बदलायला तिला कुदळ लागत नसे. टाचेने मातीचा बांध फोडायची आणि पायाच्याच कडेने दुसरीकडे बांध घालायची, हातातलं काम चालू ठेवून! आणि आम्ही पोरं अंघोळीला बसलो की आतून आवाज यायचा, "पानी कथा जाई राहिनं ते देख!" पाणी कुठे चाललंय ते बघ. शाम्पूचा फेस, कान धुतले की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

शहादा म्हणजे काही कोकण नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं, तापीच्या खोऱ्यातलं गाव. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. गावाजवळून गोमाई वाहते आणि प्रकाशाला तापीला मिळते. वाहते म्हणजे पावसाळ्यात. उन्हाळ्यात तिच्या पात्रात क्रिकेट खेळता यायचं. काळी जमीन अशी की भेगेत लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जावा. अशा ठिकाणी उन्हाळ्यात केळीचं एक झाड दिवसाला वीसेक लिटर पाणी पितं. ते कुठून आणणार? घरात तेव्हा चौदा माणसं. माणशी चाळीस लिटर धरले तरी साडेपाचशे लिटर, आणि यातलं ऐंशी टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, असा इंजिनियर लोकांचा ढोबळ हिशेब आजही आहे. म्हणजे साडेचारशे लिटर. वीस केळी बसल्या जागी जगतात! त्यांच्यासाठी विहिरीवरून एक घागर जास्तीची आणायची गरज नाही.

१९७२च्या दुष्काळाची आमच्या घरातली आठवणही हीच आहे. विहीर तळाला गेली. डाळिंब वाळलं, जाम वाळला, लिंबाची पानं झडली. मोरीमागची केळी मात्र उभी होती, कारण माणसं अंघोळ कमी करतील पण बंद तर करत नाहीत ना! ही आठवण आप्पांच्या हातगुणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मला ती प्लंबिंगचा पुरावा वाटते.

आप्पांना काहीच येत नव्हतं असं मी म्हणत नाहीये. पपईचंच बघा. आज शहादा तालुका पपईसाठी ओळखला जातो. तैवान ७८६ नावाच्या संकरित जातीचे मैलोन्‌मैल मळे आहेत, ट्रकच्या ट्रक उत्तरेला जातात. त्या जातीत नर झाडाची भानगड नाही. आप्पांच्या काळी पपई म्हणजे खाल्लेल्या फळाचं बी. त्यातून नर येणार की मादी, फुलोऱ्यापर्यंत कळत नाही. म्हणून आप्पा एका खड्ड्यात तीन रोपं लावायचे, फुलं आली की नर ओळखून काढायचे आणि अख्ख्या परसात एखादाच नर ठेवायचे. केळीचे नवे कोंब कुठले ठेवायचे आणि कुठले छाटायचे, हे त्यांचं खातं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत लोक घोडे बघायला जातात, आप्पा विळे बघायला जायचे. निवड करणं, छाटणं, नवीन काही आणून लावून बघणं हे त्यांचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत आप्पा आर्किटेक्ट. पण सिस्टिम रोज चालू कोण ठेवत होतं? प्रॉडक्शन सपोर्टला कोण होतं?

एक मोठी माय. आणि दुसरी सालदाराची बायको.

इथे ग्रुपवर शांतता पसरते, पण लिहितोच. आमची बऱ्यापैकी शेती होती आणि घरी सालदार होता, भिल्ल समाजातला. साल म्हणजे वर्षाचा करार, आखाजीला ठरायचा. ठरायचा तो एकट्या पुरुषाचा. पण त्याची बायको रोज सकाळी यायची, गोठा काढायची, शेण परसातल्या उकिरड्यावर टाकायची, कुजलेलं खत केळीच्या आळ्यात ओढायची. याचे वेगळे पैसे नव्हते. ते सालातच धरलेलं. आमच्याकडेच असं होतं असंही नाही. मग १९७२च्या सुरुवातीला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातलेच कार्यकर्ते तिथे आदिवासींना संघटित करत होते. पुढे श्रमिक संघटना उभी राहिली, गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या, मजुरीसाठी संप झाले, बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ साली या चळवळीवर लिहिलंय. शहाद्याचं नाव परदेशी अभ्यासकांना माहीत झालं ते पपईमुळे नाही, यामुळे.

आप्पांच्या हिशेबाच्या वह्या काकांकडे आहेत. मागच्या वर्षी मी त्या चाळल्या. १९७२च्या आधी परसातल्या कामाचा एका ओळीचाही उल्लेख नाही. बियाणं आहे, विळ्याची किंमत आहे, बैलाच्या पत्रीचा खर्चसुद्धा आहे. १९७३ पासून अचानक ओळ येते : 'परसातले काम, बाई, वेगळे.' आणि पुढे रक्कम. म्हणजे ते काम आधी नव्हतं असं नाही. फुकट होतं तोवर ते वहीत नव्हतं. कुठल्याही कंपनीत काम केलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ज्याचं बिल येत नाही ते लॉगमध्ये दिसत नाही.

आखाजीला आमच्याकडे घागर भरतात. पितरांसाठी पाण्याची घागर, वर खरबूज, आंबा, सांजोऱ्या. आणि उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवायची, एकेका पितराची आठवण काढत एकेक बोट. आप्पांचं बोट असतं, मोठ्या मायचं असतं. त्या बाईचं नसतं. तिचं नाव आत्याला आठवतं, काकांना आठवत नाही. तिने खत घातलेल्या केळीच्या पानावर जेवल्याचं मात्र दोघांनाही आठवतं.

असो. मुद्दा बाग कधी गेली हा होता.

आप्पा १९७८ला गेले. १९८४ला धाकट्या आत्याचं लग्न झालं तेव्हा मांडवाच्या दाराला लावलेले केळीचे खांब परसातलेच होते. फोटो आहे, रंगीत आहे. १९९२-९३च्या उन्हाळ्यात मी स्वतः त्या केळीत लपलोय आणि चिकाचे डाग पडलेल्या शर्टाबद्दल मार खाल्लाय. कोवळ्या अळूची वडी तर आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी खाल्लीय. म्हणजे मूळ पुरुष गेल्यावरही बाग पंधरा-सतरा वर्षं व्यवस्थित चालू होती.

ती गेली १९९५ला. त्या वर्षी घरात टाइल्सचं बाथरूम झालं. पुढच्या रस्त्याला पक्की गटार झाली होती, म्हणून बाथरूमचा पाइप पुढे काढला. जुनी मोरी फोडली, भोक बुजवलं. कुणाचंही काही चुकलं नाही. चिखल गेला, डास कमी झाले, आजीला थंडीत बाहेर जावं लागेना. फक्त रोजचं ते साडेचारशे लिटर पाणी मागे जायच्या ऐवजी पुढे जाऊ लागलं. दोन उन्हाळ्यांत केळी गेली. पपई त्याआधीच. मग 'आता कोण बघतंय' म्हणून फरशी घातली. आप्पांच्या जाण्याशी याचा काडीचा संबंध नाही.

आता निर्णयाचं सांगतो. घर पाडायचं ठरलंय, त्याला माझी ना नाही. पुढे गाळे, वर तीन फ्लॅट, आणि मागे उरलेल्या तुकड्यात 'आप्पा स्मृती उद्यान' : लॉन, दोन पाम, काळ्या ग्रॅनाइटची पाटी आणि बसायला सिमेंटचा बाक. लॉनला बोअरचं पाणी. मी याला विरोध केला तर 'तुला आप्पांबद्दल काही वाटत नाही' असं ऐकावं लागलं. मला वाटतं, म्हणूनच विरोध आहे. ४४ डिग्रीत लॉन हिरवं ठेवायला ताजं पाणी ओतायचं, आणि त्याच वेळी वरच्या तीन फ्लॅटचं अंघोळीचं पाणी पाइपाने गटारात सोडायचं! पाटीवर मग ज्याचं नाव लिहायचंय त्याच्या घरी असलं काही कधी झालं नसतं.

माझी मागणी साधी आहे. पाटी नको, पाइप मागे काढा. शहरातल्या घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. ते सोडून ९० उरले. बारा माणसं म्हणजे १०८०, घटतूट धरून आठ-नऊशे लिटर रोज. १९७२च्या जवळजवळ दुप्पट, आणि हे कायम येणार, पाऊस पडो न पडो. झाडं आप्पांचीच लावा असा हट्ट नाही. आंबा-चिंचेच्या आठवणींना तर जागाच पुरणार नाही, ते एक्सेलमध्ये बघून झालंय.

आक्षेप आले, आणि त्यातले दोन खरे आहेत. पहिला साबणाचा. मोठ्या मायकडे शिकेकाई, रिठा आणि राख होती. आपल्याकडे डिटर्जंट आहे, त्यातला सोडियम काळ्या जमिनीत साठत गेला तर ती घट्ट होते, पाणी मुरत नाही. म्हणून वॉशिंग मशीनचा पाइप वेगळा काढून गटारातच सोडायचा, आणि स्वयंपाकघराचाही, कारण तेलकट पाणी वास मारतं. मागे फक्त अंघोळीचं आणि बेसिनचं. आधी दगड-खडीचा एक खड्डा, मग अळू-कर्दळ, मग केळी. पाणी उघड्यावर साचू द्यायचं नाही, म्हणजे डासांचा प्रश्न नाही. मुळा-गाजर, कोथिंबीर असलं काही या पाण्यावर लावायचं नाही. श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' वाचलेल्या कुणालाही यात नवीन काही वाटणार नाही. गणिताचा प्राध्यापक गच्चीवर नि परसात चौरस फुटाचा हिशेब मांडून शेती शिकवत होता, आपल्याला निदान एक खड्डा जमायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप काकांचा : करणार कोण? आपण सगळे पुण्यात, नाशकात, न्यू जर्सीत. हा प्रश्न योग्य आहे, आणि 'झाडं आपली आपण वाढतात' असलं उत्तर मी देणार नाही. ती तशी वाढत नाहीत. मी सुचवलंय की तीन फ्लॅटच्या मेंटेनन्समध्ये एक ओळ पहिल्या दिवसापासून असावी : परसातले काम, वेगळे. रक्कम शहाद्यात आज जी मजुरी असेल ती, आठवड्याचे दोन दिवस. लॉनलाही माळी लागणारच आहे, त्याचे पैसे द्यायला सगळे तयार आहेत, मग यालाच का नाही? आणि केळीचे घड येतील ते काम करणाराने न्यावेत. एवढ्यावर आत्या लगेच तयार झाली. बाकीच्यांनी अंगठा टाकलाय, त्याचा अर्थ हो आहे की नुसतं वाचलं आहे, हे अजून कळलेलं नाही.

सध्या घोडं अडलंय ते उतारावर. प्लॉटचा उतार १९९५च्या भरावामुळे पुढच्या बाजूला झालाय. पाणी आपसूक मागे जायचं तर मागच्या भागातली फरशी आणि भराव काढून जमीन दीड फूट खाली न्यावी लागेल, म्हणजे जवळजवळ मोठ्या मायच्या काळात होती त्या पातळीला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो भराव काढायचा खर्च फुकट आहे, त्यापेक्षा छोटा पंप बसवा. पंपाला मी नाही म्हटलंय. पंप बिघडला की कुणी दुरुस्त करणार नाही. उतार बिघडत नाही. खोदाईचं कोटेशन मागवलंय, या शनिवारपर्यंत येईल.